रूप पालटणारी खेळणी

संग्रहाची आवड मनुष्याला उपजतच असते. गोमंतकातील एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर चढून पाहावे. कोपऱ्यातल्या डब्यात काजूच्या बिया, गुंजा, शिंपले, आगपेट्यांवरील चित्रे, परदेशी टपालाची तिकिटे असे काही ना काही सापडतेच. आमच्या बालपणी, म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीस, पहिलवानांच्या चित्रांचे पत्ते जमविण्याचे वेड शाळाशाळांतून पसरले होते आणि आम्हीही त्यातून सुटलो नव्हतो. आजचे आमचे काही विद्यार्थी निराळीच वस्तू जमवितात. प्लास्टिकचा सिंह, गेंडा किंवा डायनासोर घ्यावा, त्याचे पाय दुमडावेत, मान फिरवावी, छाती उघडावी, आणि पाहता पाहता तो दोन पायांवर उभा राहिलेला यंत्रमानव व्हावा, अशी ही खेळणी. त्यांचे काय करावे, हा प्रश्न गेल्या वर्षी शिक्षकांच्या बैठकीत निघाला. ती शाळेच्या फाटकाबाहेरच राहावीत असे काहींचे मत पडले. आरंभी त्या मताला आमचाही पाठिंबा होता. तो पुढे का राहिला नाही, हे येथे सांगण्याचे योजिले आहे.

घडले ते असे. इतिहासाचा तास चालू होता. शिवाजी महाराजांनी १६६८ साली आपल्याच डिचोली तालुक्यातील नार्वे येथे श्री सप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला, हा भाग आम्ही रंगून शिकवीत होतो. तोच मागच्या बाकावरून ‘कट्, कट्’ असा आवाज आला. आठवीतील एका विद्यार्थ्याच्या मांडीवर नारिंगी रंगाचा सिंह अर्धवट उलगडलेल्या अवस्थेत पडला होता. आम्ही तो जप्त केला, दोन कठोर शब्द सुनावले आणि तास पुढे नेला.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसलो असता तो सिंह सहज हातात घेतला. मुलांना जे जमते ते आपणांस का जमू नये, असे वाटून आम्ही त्याला मनुष्य करावयास बसलो. मागचे पाय सरळ झाले. आयाळ वर उचलली गेली. पुढे मात्र गाडी अडली. पंधरा मिनिटांच्या खटपटीनंतर हाती जे उरले ते ना धड सिंह, ना धड मनुष्य. हिरण्यकशिपूच्या उंबरठ्यावर ते शोभले असते. आमच्या टेबलावर पाहून सहकाऱ्यांना हसू आवरेना. चार माणसांत फजिती झाली की मनुष्य हट्टाला पेटतो. आम्ही जरा जोर लावला आणि सिंहाचा पुढचा उजवा पाय सांध्यापासून निखळून हातात आला.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बोलावून आम्ही घडले ते सांगितले आणि त्याची क्षमा मागितली. तो रडला नाही की रुसला नाही. त्याने खेळणे उलटसुलट करून पाहिले आणि घरच्या भाषेत हळूच म्हणाला, “सर, बळ करूं नाकात. आदीं मान, मागीर पाय.” जोर लावू नये; आधी मान, मग पाय. दोन दिवसांनी तो सिंह पुन्हा चार पायांवर उभा होता. मोडक्या छत्रीच्या काडीचा तुकडा तापवून त्याने नवी खीळ बसविली होती.

या मुलाजवळ असे खेळणे एकच. तेही अस्सल नव्हे. गावच्या जत्रेत शंभर-सव्वाशे रुपयांना मिळालेली नक्कल. त्याचे वडील खाणीवरच्या टिपरवर चालक होते. २०१२ साली गोव्यातील खाणी प्रथम थांबल्या, त्याच वर्षीचा या मुलाचा जन्म. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने त्या पुन्हा थांबल्या. डिचोली तालुक्यातील कितीतरी घरांच्या अंगणांत त्या काळात ट्रक नुसते उभे राहिले, हे वाचकांना सांगावयास नकोच. याच्याही अंगणात एक टिपर वर्षानुवर्षे उभा होता. त्याचा हौदा कशाने उचलला जातो, जॅकचा दट्ट्या कोठे टेकतो, बिजागरी कोठे झिजते, हे तो मुलगा वडिलांच्या तोंडून ऐकत वाढला. घरात बसून राहिलेल्या यंत्राने त्याला यंत्राची भाषा शिकविली आणि ती त्याने आपल्या सिंहावर चालवून पाहिली.

तेव्हापासून आम्ही या खेळण्यांची थोडी माहिती काढली. जपानमधील ताकारा या कंपनीने १९८० साली ‘डायाक्लोन’ नावाची खेळणी काढली. त्यांत मोटारी, विमाने वगैरेंचे यंत्रमानव होत. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने ताकाराच्या या आणि अशाच दुसऱ्या एका मालिकेतील साचे घेऊन १९८४ साली ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने ती बाजारात आणली. पुढच्याच वर्षी त्यांत डायनासोरांची टोळी आली. १९९६ साली ‘बीस्ट वॉर्स’ ही मालिका निघाली. तिच्यात मोटारी बाजूस सारून गोरिला, चित्ता, गेंडा, उंदीर अशी प्राण्यांचीच रूपे घेण्यात आली. तिच्यावरून निघालेल्या चित्रकथेत असे दाखविले आहे की, परक्या ग्रहावर उतरलेले हे यंत्रमानव तेथील घातक ऊर्जेपासून बचाव व्हावा म्हणून प्राण्यांची रूपे धारण करतात. २०२३ साली याच प्राण्यांवर मोठा चित्रपटही येऊन गेला आणि आमच्या वर्गांतील सिंह-गेंड्यांची संख्या वाढण्याचे ते एक कारण असावे.

मोटारीचा मनुष्य करण्यापेक्षा प्राण्याचा मनुष्य करणे अवघड असते. मोटार म्हणजे पेटीच. तिच्यात पुष्कळ काही लपविता येते. प्राण्याला मात्र कणा आहे, मान आहे, चालणारे चार पाय आहेत. चित्ता म्हणून पाहिला तर तो चित्ताच दिसावा आणि उभा केला तर माणसासारखा तोल सांभाळून उभा राहावा, या दोन्ही अटी एकाच वस्तूने पाळावयाच्या असतात. म्हणून या मालिकेच्या खेळण्यांत उखळीच्या सांध्यांचा सढळ वापर झाला. आपल्या खांद्यात आणि खुब्यात उखळीचा सांधा असतो आणि गुडघ्यात बिजागरीचा, हे विज्ञानाच्या पुस्तकात पाठ करणाऱ्या मुलाला तो सिंह दहा मिनिटांत बोटांनी समजावून देतो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. हा धडा आम्हांला पायाची किंमत मोजून शिकावा लागला.

ही सगळी परदेशी थेरे आहेत, आपल्याला त्यांच्याशी काय करावयाचे, असे कोणी म्हणेल. परंतु हा धंदा आपल्यापासून फार दूर नाही. मद्रासच्या एम. आर. एफ. कंपनीने हॅस्ब्रोच्या भागीदारीत १९८७ साली फनस्कूल ही कंपनी काढली आणि तिचा एक कारखाना आपल्या गोव्यातच उभा राहिला. हॅस्ब्रोची जी. आय. ज्यो नावाची बाहुली फनस्कूलने भारतात काढली. तिचे रंग मूळ बाहुल्यांहून वेगळे पडत आणि त्या वेगळेपणासाठी परदेशांतील संग्राहक आजही ती शोधून शोधून घेतात. वस्तू लहान असली तरी ती कोणाच्या ना कोणाच्या हातून घडते आणि दूरच्या कोणाला तरी मोलाची वाटते, एवढे यावरून आमच्या मुलांनी ध्यानात घ्यावे.

आणि कल्पनेचे म्हणाल तर ती आपल्या घरचीच आहे. आम्ही मूळचे पेडणे महालातले. थंडीच्या दिवसांत जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक पाहण्यासाठी घोंगडी घेऊन बसण्यात आमचे बालपण गेले. आरंभी गणपती, ऋद्धिसिद्धी, मग काळ्या बुरख्याचा, लांब जिभेचा संकासुर येई आणि आम्ही आईच्या कुशीत शिरत असू. वेद चोरणाऱ्या त्या असुराच्या पारिपत्यासाठी देवाला मासा व्हावे लागले; पृथ्वी सावरण्यासाठी कासव आणि वराह व्हावे लागले. रूप पालटले ते हौसेने नव्हे, गरज पडली म्हणून. दशावतारातील नटाची गोष्टही तीच. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण आमच्याकडे लहान मुलाच्याही तोंडी आहे. रात्री मुकुट घालून सिंहासनावर बसलेला मनुष्य पहाटे तोंडावरचा रंग पुसून शेताची वाट धरतो, हे पाहिलेल्या मुलाला रूप पालटणाऱ्या बाहुल्याचे नवल ते काय वाटणार?

तेरेखोल नदी ओलांडली की सावंतवाडी. तेथील लाकडी खेळणी सर्वांना ठाऊक आहेत. गंजिफा मात्र थोड्यांनी पाहिलेली असते. दशावतारी गंजिफेत एकशेवीस गोल पत्ते असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. हाताने रंगविलेली ती पाने म्हणजे एक सुंदर संग्रहच होय. परंतु तो संग्रह पूर्ण का हवा? तर एक पान हरवले की डाव मांडता येत नाही म्हणून. पाने जमवावयाची ती खेळण्यासाठी. आमच्या सगळ्या म्हणण्याचे सार या एका गोष्टीत आले आहे.

कारण याच्या उलट प्रकारही आम्ही पाहिला आहे. आमच्या एका विद्यार्थ्यापाशी अशी अस्सल खेळणी वीसाहून अधिक आहेत. त्यांतील पुष्कळांचे खोके अद्याप फोडलेले नाहीत. खोका फोडला की किंमत उतरते, असे तो सांगतो आणि परदेशी बाजारातले भाव त्याला तोंडपाठ आहेत. त्या खोक्यांतील गेंड्याची मान कोणत्या बाजूने फिरते, हे मात्र त्याने कधी पाहिलेले नाही. एकाकडे एकच सिंह, पण त्याची खीळन् खीळ ओळखीची. दुसऱ्याकडे वीस प्राणी, पण एकाशीही बोलणे नाही. यांतला खरा संग्राहक कोण, याचा विचार वाचकांनीच करावा.

शाळेतून खेळणी हद्दपार करावीत असे म्हणणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांचे आक्षेप खोटे नव्हते. पहिला आक्षेप पैशाचा. अस्सल खेळण्याला हजारो रुपये पडतात. शिवाय एकाच साच्यातून रंग आणि नाव बदलून दुसरे खेळणे काढण्याची युक्ती कंपन्यांना पुरती साधली आहे. निळा सिंह घेतला की तांबडा सिंह खुणावू लागतो. घरी भाताच्या बियाण्याची चिंता असताना मुलगा तांबड्या सिंहासाठी अडून बसला तर आईबापांनी काय करावे? दुसरा आक्षेप चढाओढीचा. ज्याच्याकडे नाही त्याने मान खाली घालावी, अशी वस्तू वर्गात येऊ नये, हे आम्हांलाही मान्य आहे. तिसरा आक्षेप मालाच्या दर्जाचा. खेळण्यांवर भारतीय मानक संस्थेचे चिन्ह असलेच पाहिजे असा नियम १ जानेवारी २०२१ पासून देशभर लागू आहे. तरीही जत्रेतल्या मांडवांत चिन्ह नसलेली, उग्र वासाची, कडा धारदार असलेली खेळणी दिसतात. पालकांनी खेळणे हाती घेताच प्रथम ते चिन्ह पाहावे.

चौथा आक्षेप आमच्या मनाला सर्वांत अधिक लागला. मुलांना चित्ता ठाऊक आहे, पण तो खेळण्यातला. भारतातून चित्ता नष्ट झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले आणि २०२२ साली नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणावे लागले, हे वर्गात विचारले तेव्हा एकालाच सांगता आले. आणि आपल्याच रानातले काय? खवले मांजर नावाचा प्राणी आपल्या सह्याद्रीत आहे. संकट येताच तो अंग मिटून खवल्यांचा चेंडू होतो. वाघालाही तो चेंडू सहजासहजी उलगडत नाही. रूप पालटण्याची याहून सरस करामत कोणत्या कारखान्यात होते? परंतु त्याच खवल्यांच्या लोभाने माणूस त्याला मारतो. कारण मिटलेला चेंडू तसाच पिशवीत घालून नेता येतो. पेडण्याच्या मोरजी किनाऱ्यावर हिवाळ्यात सागरी कासवे अंडी घालावयास येतात आणि वनखाते त्यांची राखण करते. त्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर वाढलेल्या मुलानेही ती पाहिलेली नसावीत आणि त्याच्या कपाटात मात्र जगभरचे प्राणी असावेत, ही गोष्ट भूषणाची नव्हे.

हे सर्व आक्षेप मान्य करूनही आम्ही बैठकीत बंदीच्या विरुद्ध मत दिले. बंदीने खेळणे दप्तराच्या तळाशी जाते. मनातून जात नाही. जे लपवून करावे लागते त्याविषयी मूल कोणाशी बोलत नाही, आणि बोलले नाही तर त्याला वळण कोण लावणार? तेव्हा तासाला खेळणे काढू नये हा नियम कायम ठेवावा, परंतु वर्षातून एका शनिवारी दोन तास या खेळण्यांना मोकळे द्यावेत, अशी सूचना आम्ही मांडली आणि ती थोड्या चर्चेनंतर मान्य झाली. अटी तीनच ठेवल्या. प्रत्येकाने एकच वस्तू आणावी. ती सर्वांसमोर पालटून दाखवावी आणि ज्या प्राण्याचे तिला रूप आहे त्या खऱ्या प्राण्याविषयी चार वाक्ये शुद्ध मराठीत सांगावीत. आणि शेवटी ती शेजारी बसलेल्याच्या हाती द्यावी. ज्याच्यापाशी खेळणे नसेल त्याने स्वतः काही करून आणले तरी चालेल.

तो शनिवार आमच्या ध्यानात राहील. एकच वस्तू आणावयाची म्हटल्यावर वीस खेळणीवाला आणि एक खेळणेवाला एकाच रांगेत बसले. आठवीतल्या त्या मुलाने सिंह उभा केला तेव्हा छत्रीची काडी सर्वांना दिसत होती आणि ती पाहण्यासाठीच मुले पुढे झुकली होती. नववीतील एका मुलीचे आजोळ मोरजीस. तिने पुठ्ठ्याचे कासव करून आणले होते. पाठीची ढाल दोरीने ओढली की दोन भाग होऊन हात बनत आणि आतून एक मनुष्य वर येई. पुठ्ठा कोठला, असे विचारता, दिवाळीत वाड्यावर नरकासुर केला त्यातून उरलेला, असे तिने सांगितले. नरकासुर पहाटे जळून गेला आणि त्याच्या उरल्यासुरल्या पुठ्ठ्यातून कासव जन्माला आले! तिला त्या दिवशी सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या. तिच्या खेळण्याला किंमत म्हणून काही पडलीच नव्हती.

शेवटी वीस खेळणीवाला विद्यार्थी उठला. त्याने बंद खोक्यातला गेंडा आणला होता. गेंड्याविषयी तो उत्तम बोलला. परंतु खोका फोडण्याची वेळ आली तेव्हा त्याचा हात थांबला. वर्गात ‘फोड, फोड’ असा गलका झाला. त्याचे डोळे आमच्याकडे वळले. एक शब्द टाकला असता तर त्याने खोका फोडलाही असता. पण अट मोडली म्हणून रागवावे, की त्याचे मन राखावे, असा विचार करीत असताना आम्हांला मोडलेला पाय आठवला. आम्ही वर्ग शांत केला आणि त्याला खाली बसावयास सांगितले. खोका तसाच घरी गेला. तो अजूनही बंद आहे की उघडला गेला, हे आम्ही त्याला विचारलेले नाही.

पालकांना आमची विनंती एवढीच की, मुलाने खेळण्याचा हट्ट धरला तर आधीचे खेळणे त्याला पुरते ठाऊक झाले आहे काय, हे प्रथम पाहावे. आणि झाले असेल तर त्याच्याशेजारी बसून ते स्वतः एकदा पालटून पाहावे. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांलाही सांगणे एकच. जमवा, अवश्य जमवा; परंतु जे जमवाल त्याची ओळख करून घ्या, मोडले तर सांधा, आणि दुसऱ्याच्या हाती देण्याचे धैर्य ठेवा. हे करताना कोठे अडलात तर आठवीतल्या त्या मुलाने आपल्या शिक्षकाला शिकविलेला पाठ आठवा. बळ करू नये. आधी मान, मग पाय.